सनद धोक्यात येते ती युक्तिवादात कमी, फाईलमध्ये जास्त

दिल्लीतल्या एका धनादेशाच्या खटल्यात आरोपीने तडजोड केली. न वटलेल्या धनादेशाचे २०,००० रुपये डिमांड ड्राफ्टने आणि खर्चापोटी ५,००० रुपये क्रॉस चेकने द्यायचे ठरले. दोन्ही कागद फिर्यादीच्या वकिलाच्या हातात आले. वकिलाने ते पक्षकाराला दिले नाहीत. फीचे ५,००० रुपये रोख मागितले आणि त्यासाठी पक्षकारावर दावाही लावला. नंतर ड्राफ्ट आणि चेक दिले, पण तोवर चेकचं पेमेंट थांबवलेलं होतं. पक्षकार ग्राहक मंचात गेला. २००७ मध्ये राष्ट्रीय आयोगाने वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसते असं ठरवलं, आणि १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. तोच 'बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी' हा निकाल.

देशभरातल्या वकिलीच्या कायद्यावर परिणाम करणारा हा वाद पाच हजारांच्या फीवरून आणि पक्षकाराचा पैसा हातात ठेवण्यावरून उभा राहिला. वकील कोर्टात काय बोलले हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. नवीन सनद (वकिलीचा परवाना) घेतलेल्या मुलामुलींनी हे नीट लक्षात घ्यावं. वकिलांविरुद्धच्या तक्रारी वाचल्या की चार-पाच गोष्टीच फिरून फिरून येतात: पैशाचा हिशोब दिला नाही, मुदत गेली आणि ते लपवलं, न विचारता तडजोड केली, विरुद्ध बाजूला जाऊन मिळाले, फाईल परत दिली नाही. या पाचही गोष्टी कागदाच्या शिस्तीने टळतात.

आधी कायद्याची स्थिती. २०२४ च्या निकालानंतर ग्राहक मंचाचं दार बंद झालं, पण बाकीची दारं उघडीच आहेत. १९२६ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स फीज अ‍ॅक्टचं कलम ५ सांगतं की केवळ वकील आहे म्हणून निष्काळजीपणाच्या नुकसानभरपाईच्या दाव्यातून सुटका नाही. म्हणजे दिवाणी न्यायालयात दावा होऊ शकतो. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली बार कौन्सिलकडे तक्रार होऊ शकते. आणि पक्षकाराचा पैसा वापरला असेल किंवा खोटा कागद केला असेल तर फौजदारी गुन्हाही होतो. तिन्ही एकाच वेळी चालू शकतात.

निष्काळजीपणा आणि गैरवर्तन यांत मात्र फरक आहे, आणि तो समजून घेतला पाहिजे. पुण्यातल्या वकिलांविषयीच्या खांडेकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चुकीचा सल्ला आणि गैर सल्ला यांची फारकत केली. प्रामाणिकपणे दिलेला सल्ला चुकीचा ठरला म्हणून सनद जात नाही. चूक झाल्यावर जे केलं जातं त्याने ती जाते. १९७९ च्या रंगदुराई निकालात वचनचिठ्ठ्यांवरचे दावे दाखल केल्याचं पक्षकाराला सांगितलं गेलं होतं, प्रत्यक्षात ते दाखलच नव्हते आणि मुदत निघून गेली. तिथे वकिलाला बाधली ती खोटी थाप.

आता कामाकडे. वकीलपत्रापासून सुरुवात करू, कारण तिथेच पहिला ढिसाळपणा होतो. पक्षकार कोऱ्या वकीलपत्रावर सही करून जातो आणि नाव, कोर्ट, प्रकरण क्रमांक आपण नंतर भरतो. ही सवय मोडा. वकीलपत्र पूर्ण भरून मगच सही घ्या, तारीख घाला. तडजोड करणं, दावा काढून घेणं, रक्कम स्वीकारणं ही वाक्यं छापील नमुन्यात असतातच. ती पक्षकाराला मराठीत वाचून दाखवा. अंगठा असेल तर ओळख पटवणाऱ्याची सही आणि 'वाचून दाखवलं, समजलं' असा शेरा हवा. सोसायटी, कंपनी किंवा ट्रस्ट असेल तर सही करणाऱ्याला अधिकार देणाऱ्या ठरावाची प्रत त्याच दिवशी घ्या. बार कौन्सिलचा नियम १९ स्पष्ट आहे: पक्षकार किंवा त्याने अधिकार दिलेला माणूस सोडून इतर कुणाच्या सांगण्यावरून काम करायचं नाही. 'त्याचा चुलता फोन करतो, तोच सगळं बघतो' ही आपल्याकडची नेहमीची पद्धत आहे. चुलत्याला कुलमुखत्यारपत्र किंवा निदान पक्षकाराच्या सहीचं साधं पत्र द्यायला सांगा.

वकीलपत्रासोबत एक पानाचं कामाचं पत्र करून घ्या. कुठल्या कोर्टातलं कुठलं काम घेतलं, कुठलं घेतलेलं नाही, फी किती, ती कुठल्या टप्प्यावर द्यायची, कोर्ट फी, नकला, टायपिंग, प्रवास यांचा खर्च कुणाचा, पक्षकाराचा चालू पत्ता आणि दोन मोबाईल नंबर, हे सगळं त्यात येतं. 'कुठलं घेतलेलं नाही' ही ओळ फार कामाची. मनाई अर्जाचं काम घेतलं आणि त्याविरुद्धचं अपील घेतलं नसेल, तर पक्षकाराच्या मनात 'सगळं वकीलसाहेब बघतायत' असतं आणि अपिलाची मुदत कोण बघणार हे कुणालाच ठाऊक नसतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नियम ४ प्रमाणे एकदा दाखल झालेलं वकीलपत्र, प्रकरण चालू असताना, सहसा कोर्टाच्या परवानगीशिवाय संपत नाही, हेही विसरू नये.

कुणाचं काम घ्यायचं नाही हेही त्याच दिवशी ठरतं. नवीन नाव आलं की विरुद्ध पक्षाची नावं, भागीदारांची, भावांची नावं आपल्या जुन्या यादीत शोधा. यादी वहीत असो की एक्सेलमध्ये, पण असायला हवी. आपल्याकडे सर्वांत जास्त घोळ होतो तो वाटणीच्या दाव्यात. तीन भाऊ एकत्र येतात, एकच वकील करतात, आणि वर्षभराने मधला भाऊ म्हणतो, माझा हिस्सा वेगळा. त्या क्षणी तिघांच्याही गुप्त गोष्टी तुमच्याकडे आहेत. नियम ३३ प्रमाणे ज्याच्यासाठी सल्ला दिला, कागद केले, त्याच्या विरुद्ध त्याच प्रकरणात उभं राहता येत नाही, म्हणून बहुतेक वेळा तिघांचंही काम सोडावं लागतं. परस्पर संमतीच्या घटस्फोटात दोघांसाठी एकच वकील हा तसाच सापळा. दुसऱ्या अर्जाच्या वेळी बायकोने संमती काढून घेतली तर तुम्ही कुणाचे? दोन्ही बाजूंनी स्वतंत्र वकील असावा असं सांगायला लाजू नका. ज्या प्रकरणात तुम्हालाच साक्षीदार व्हावं लागेल असं दिसतं, उदाहरणार्थ मृत्युपत्रावर तुमची साक्षीदार म्हणून सही आहे, तेही घेऊ नये.

पैशावर मला जास्त बोलायचं आहे. नियम २५ ते ३२ मध्ये पक्षकाराच्या पैशाचा हिशोब कसा ठेवायचा ते लिहिलेलं आहे, आणि फार थोडे वकील ते वाचतात. प्रत्येक पक्षकाराचं स्वतंत्र पान. मिळालेली रक्कम, तारीख, आणि ती फीपोटी की खर्चापोटी याची नोंद. खर्चासाठी घेतलेली रक्कम फीकडे वळवायची तर पक्षकाराची लेखी संमती लागते. समजा, दहा हजार रुपये 'खर्चाला' घेतले, कोर्ट फी आणि नकलांना ३,८५० लागले, उरलेले ६,१५० फी म्हणून ठेवून घेतले. वकिलाला यात वावगं वाटत नाही, कारण फी तर येणंच आहे. नियमाप्रमाणे काम चालू असताना हे लेखी संमतीशिवाय करता येत नाही. प्रकरण संपल्यावर, ठरलेल्या फीपोटी उरलेली रक्कम वळती करता येते; फी ठरलेलीच नसेल तर कोर्टाच्या नियमाप्रमाणे होणारी फी तेवढी घेऊन बाकी परत करायची. आणि पक्षकाराने मागितल्यावर हिशोबाची प्रत द्यायची.

पक्षकाराच्या वतीने रक्कम मिळाली की लवकरात लवकर त्याला कळवायचं. मोटार अपघाताची भरपाई, भूसंपादनाचा वाढीव मोबदला, पोटगीची थकबाकी, तडजोडीचे हप्ते: शक्य असेल तिथे रक्कम थेट पक्षकाराच्या खात्यात जाईल असाच अर्ज करा. तुमच्या हातात चेक आलाच तर त्याच दिवशी मेसेज, चेकचा फोटो, आणि देताना पोच. पोच म्हणजे 'मिळाले' इतकं लिहून भागत नाही. चेक क्रमांक, बँक, रक्कम, तारीख आणि पक्षकाराची सही हवी. पक्षकाराच्या पैशासाठी वेगळं बँक खातं ठेवा. आपल्या घरखर्चाच्या खात्यात पक्षकाराचे दोन लाख पडले आणि त्याच आठवड्यात कर्जाचा हप्ता कापला गेला, तर तुमच्या मनात काहीच नसताना कागदावर अपहार दिसतो.

टक्केवारीबद्दल थेट बोलतो. अपघात आणि भूसंपादनाच्या प्रकरणांत 'जेवढे मिळतील त्यातले इतके टक्के' अशी फी सर्रास ठरते. नियम २० ती मना करतो. २०१७ च्या बी. सुनिता प्रकरणात अपघाताच्या भरपाईवर टक्केवारीने मागितलेल्या फीसाठी घेतलेला चेक वटला नाही, वकिलाने पक्षकारावर कलम १३८ ची (धनादेश न वटल्याची) फिर्याद केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. टक्केवारीची फी लोकहिताविरुद्ध आहे असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे असा करार लेखी असला तरी वसूल होत नाही, वर तो तुमच्याविरुद्धचा पुरावा बनतो. पक्षकार गरीब असेल, आधी फी देऊ शकत नसेल, तर टप्प्याटप्प्याची ठराविक रक्कम लिहून घ्या. त्या फीची रक्कम निकालावर अवलंबून ठेवू नका. पक्षकाराला खटल्यासाठी उसने पैसे देणं आणि त्याचे आपल्याकडचे पैसे 'कर्जाऊ' वापरणं, दोन्ही मना आहे.

कोर्टात 'द्यावे लागतात' म्हणून घेतलेल्या पैशाची गोष्ट याहून गंभीर. २००१ च्या शंभूराम यादव प्रकरणात न्यायाधीशांना द्यायला दहा हजार पाठवा असं पत्र वकिलाने पक्षकाराला लिहिलं होतं. त्याची सनद कायमची गेली. पक्षकाराने स्वतःहून असा विषय काढला तरी तिथल्या तिथे नाही म्हणा.

आता मुदत. इथे एक उदाहरण तारखांसह मांडतो, कारण तालुका कोर्टात सर्वांत जास्त चुका याच कामात होतात. धनादेश परत आल्याचा मेमो पक्षकाराला ५ मार्चला मिळाला. मागणीची नोटीस ३० दिवसांत, म्हणजे ४ एप्रिलपर्यंत पाठवायला हवी. ही मुदत चुकली तर ती माफ करायची सोय कायद्यात नाही. धनादेशाची वैधता शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत भरून नवा मेमो घेणं एवढाच मार्ग राहतो. नोटीस आरोपीला १० एप्रिलला पोचली. त्याला पैसे द्यायला १५ दिवस, म्हणजे २५ एप्रिलपर्यंत. २६ एप्रिलला फिर्यादीचं कारण घडलं, आणि तिथून एक महिना, म्हणजे २६ मेपर्यंत फिर्याद दाखल व्हायला हवी. घाईही तितकीच घातक: १५ दिवस पुरे व्हायच्या आत दाखल केलेली फिर्याद टिकत नाही. फिर्यादीला झालेला उशीर पुरेसं कारण दाखवून माफ होऊ शकतो, पण तो मार्ग मनात धरून काम करू नये, कारण माफीसाठीच्या अर्जात वकिलाचीच चूक सांगावी लागते.

डायरीत २६ मे लिहायचं नाही. तीन नोंदी करायच्या: ५ मेला मसुदा तयार, १२ मेला पक्षकाराची सही आणि शपथपत्र, १५ मेला दाखल. मधे उन्हाळी सुट्टी येते. मुदत सुट्टीत संपली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं, पण त्या दिवशी फाइलिंगच्या खिडकीवर गर्दी असते आणि ई-फाइलिंगचा सर्व्हरही रेंगाळतो. नोटिशीतली रक्कम धनादेशाशी अंकात आणि अक्षरात ताडून बघा. टायपिंगची चूक असली तरी मागणीची रक्कम धनादेशाच्या रकमेशी जुळायलाच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं आहे. आदल्या पक्षकाराच्या नोटिशीवरून कॉपी-पेस्ट केलं की नेमकी हीच चूक होते. पोस्टाची पावती फाईलला लावा आणि ट्रॅकिंगचं पान नोटीस पोचल्याच्याच आठवड्यात छापून ठेवा. काही महिन्यांनी ते मिळेल याचा भरवसा नाही.

इतर मुदतींत गोंधळ होतो तो सारख्या दिसणाऱ्या आकड्यांमुळे. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत, व्यापारी न्यायालयाच्या निकालावर ६० दिवसांत. कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) ३० दिवसांत, कोर्टाने वाढवून दिली तर ९० पर्यंत. व्यापारी दाव्यात १२० दिवस झाले की हक्कच संपतो. लवादाचा निवाडा रद्द करायचा अर्ज निवाडा मिळाल्यापासून तीन महिन्यांत, वर फार तर ३० दिवस, आणि त्यापुढे एक दिवसही माफ करायचा अधिकार कोर्टाला नाही. हे शेवटचे दोन आकडे टेबलाच्या काचेखाली ठेवावेत असे आहेत. निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज करा. नक्कल मिळायला लागलेला काळ मुदतीतून वगळतात, पण अर्जाआधी फुकट गेलेले दिवस वगळत नाहीत. नकलेवर अर्जाची तारीख, तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख असते. तयार झाल्यावर ती खिडकीवर पडून राहिली तर ते दिवस तुमच्या खात्यावर.

डायरी दोन ठिकाणी असावी: एक तुमच्या हातात, एक ऑफिसात कारकुनाकडे. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर घालून ठेवा, पण त्यावर विसंबू नका. अ‍ॅपवरची तारीख आणि रोजनाम्यातली (कोर्टाच्या रोजच्या नोंदीतली) तारीख वेगळी निघते तेव्हा रोजनामाच खरा धरतात. दर तारखेनंतर पक्षकाराला दोन ओळींचा मेसेज जावा: आज काय झालं, पुढची तारीख कोणती, तुम्ही यायचं आहे का. पक्षकाराच्या मनातला बहुतेक राग न सांगितल्यामुळे असतो. हाच मेसेज पुढे तुमचा पुरावा ठरतो.

बारने काम बंद ठेवलं म्हणून हजर राहिलो नाही, हे कारणही चालत नाही. २००२ च्या हरीश उप्पल निकालाने वकिलांचा संप बेकायदा ठरवला, आणि त्याआधी २००० च्या रेमन सर्व्हिसेस निकालाने सांगितलं की केवळ संपामुळे गैरहजर राहून पक्षकाराचं नुकसान झालं तर वकिलाला त्याची झळ सोसावी लागू शकते.

तडजोडीत पक्षकाराला बाजूला ठेवू नका. कोर्टाने विचारलं, 'वकीलसाहेब, अमुक रकमेत संपवायचं का?' की मान डोलावायचा मोह होतो. २०१५ च्या हिमालयन सोसायटी निकालाने सांगितलं आहे की पक्षकाराचा हक्क सोडणारी कबुली त्याच्या स्पष्ट सूचनेशिवाय द्यायची नाही. पासओव्हर (प्रकरण थोड्या वेळाने पुन्हा पुकारणं) मागा, पक्षकाराला फोन लावा, नाही लागला तर तारीख घ्या. तडजोड पुरसीसवर (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) प्रत्येक पानावर पक्षकाराची सही, त्याच्या भाषेत मजकूर, आणि कोर्टाने त्याला विचारून कबूल केल्याची नोंद रोजनाम्यात येईल असं बघा. कर्ज, सातबारा, ताबा आणि खर्च हे चारही मुद्दे पुरसीसमध्ये आले की नाही ते तपासा. ताबा कधी द्यायचा ते लिहायचं राहून गेल्यामुळे मग दरखास्तीची (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जाची) वेळ येते.

जमिनीच्या सर्च रिपोर्टबद्दल थोडं सविस्तर, कारण बँकांच्या पॅनेलवरचे वकील यात अडकतात. २०१२ च्या नारायण राव निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ निष्काळजी अभिप्राय दिला म्हणून वकील फसवणुकीच्या कटात सामील ठरत नाही, त्यासाठी संगनमताचा पुरावा लागतो. तो दिलासा फौजदारी खटल्यापुरता. तोपर्यंत पॅनेलवरून नाव जातं, आणि बँका अशा वकिलांची नावं इंडियन बँक्स असोसिएशनकडे कळवतात, ती इतर बँकांना दिसतात.

रिपोर्टमध्ये काय पाहिलं आणि काय पाहता आलं नाही, दोन्ही लिहा. कुठल्या दुय्यम निबंधक कार्यालयात, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत शोध घेतला, चलनाचा क्रमांक, सूची क्रमांक दोनची कुठली पुस्तकं फाटलेली किंवा बांधणीला गेलेली होती, ऑनलाइन काय पाहिलं आणि हाताने काय पाहिलं. सातबारा चालू तारखेचा घ्या आणि त्यावरचा प्रत्येक फेरफार उघडून वाचा. नुसते फेरफार क्रमांक उतरवून घेणं म्हणजे शोध नव्हे. 'इतर अधिकार' या रकान्यात सगळं दडलेलं असतं: कुळाचं नाव, बँकेचा बोजा, भोगवटादार वर्ग दोनची अट, कुळकायद्याच्या कलम ४३ चं बंधन, पुनर्वसनाचा शेरा. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर हस्तांतराच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. वारसनोंदीत बहिणींची नावं कशी गेली ते बघा; हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे की तलाठ्यापुढच्या जबाबावर भागवलं आहे? लिस पेंडन्सची (जमिनीवर दावा चालू असल्याची) नोटीस नोंदली आहे का तेही. मूळ दस्त स्वतः पाहिला नसेल तर 'झेरॉक्सवरून' असं सरळ लिहा. शाखेतून कितीही फोन आले तरी हे वाक्य काढू नका.

शपथपत्रावर माणूस समोर नसताना ओळख किंवा साक्षांकन करणं ही आणखी एक सवय. सकाळी घाई असते, पक्षकार गावाकडे असतो, सही आधी करून ठेवलेली असते. १९८४ च्या टेकचंद प्रकरणात अशाच साक्षांकनावरून सर्वोच्च न्यायालयाने वकिलाला पाच वर्षं निलंबित केलं. पक्षकार आला नाही तर तारीख जाऊ द्या.

गुप्ततेबाबत एवढंच सांगतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण पक्षकाराचं आहे, तुमचं नाही, आणि काम संपल्यावरही ते राहतं. कारकून, दुभाषेही त्यात बांधलेले. बेकायदा हेतूने केलेलं बोलणं त्यात येत नाही. पक्षकाराचे कागद बारच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'कुणाकडे यावर सायटेशन (आधीच्या निकालाचा दाखला) आहे का' म्हणून टाकताना नाव झाका. जाहिरातीबद्दलही थोडक्यात: २००८ च्या दुरुस्तीनंतर वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, ईमेल, नोंदणी, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र इतकं देता येतं. जिंकलेल्या केसेसचे रील त्यात बसत नाहीत.

काम सोडायचं असेल तर नियम १२ प्रमाणे पुरेसं कारण आणि पक्षकाराला वाजवी वेळ देणारी सूचना लागते, शिवाय न केलेल्या कामाची फी परत करायची. आपल्याकडे मात्र 'नो इन्स्ट्रक्शन' ची (पक्षकाराकडून सूचना नाहीत अशी) पुरसीस देऊन त्याच दिवशी मोकळं व्हायची पद्धत आहे. मलकियतसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा पुरसीसनंतर पक्षकाराला न कळवता झालेला एकतर्फी निकाल टिकू दिला नाही. स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, त्यात पुढची तारीख, त्या तारखेला काय होणार आहे आणि फाईल कुठे मिळेल ते लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका, आणि पोच पुरसीसला जोडा.

आणि फाईल. फी राहिली म्हणून फाईल अडवणं हा आपला हक्क आहे असं अनेकांना मनापासून वाटतं. तो हक्क नाही. २००० सालच्या आर. डी. सक्सेना प्रकरणात वकिलाने बँकेच्या फाईली ९७,१०० रुपयांच्या फीसाठी अडवल्या होत्या. न्यायालयाने सांगितलं, खटल्याचे कागद हा तारण ठेवायचा माल नाही. फीसाठी दिवाणी दावा मोकळा आहे. फाईल देताना यादी करा: मूळ दस्त वेगळे, कोर्टाच्या नकला वेगळ्या, पुढची तारीख यादीच्या खाली. दोन प्रती, दोन्हींवर सही. आपल्यासाठी पूर्ण फाईल स्कॅन करून ठेवा, कारण तक्रार आली तर उत्तर त्यातूनच द्यायचं असतं.

हे सगळं करूनही चूक होते. दावा गैरहजेरीत निकाली निघाला तर पुनर्स्थापनेचा अर्ज ३० दिवसांत. एकतर्फी हुकूमनामा रद्द करायलाही ३० दिवस, आणि समन्स बजावलंच नसेल तर ते दिवस हुकूमनामा कळल्यापासून. त्याच दिवशी पक्षकाराला लेखी कळवा: काय झालं, उपाय काय, मुदत कधी संपते, आणि हवं तर दुसऱ्या वकिलाचा सल्ला घ्या. अर्जासोबत वकिलाचं स्वतःचं खरं शपथपत्र जोडा. 'डायरीत तारीख चुकीची उतरवली' हे कारण डायरीच्या त्या पानाच्या प्रतीसह दिलं तर कोर्ट ऐकतं. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको हे रफिक विरुद्ध मुन्शीलाल पासून, म्हणजे १९८१ पासून चालत आलं आहे. आजारपणाचा खोटा दाखला जोडला तर मूळ चूक माफ होण्यासारखी असूनही तुम्ही गैरवर्तनात जाता. त्या अर्जाची फी घेऊ नका. आणि 'माझी काही तक्रार नाही' असं पक्षकाराकडून लिहून घेण्याच्या मागे लागू नका. त्या कागदाने तक्रार थांबत नाही, उलट दबावाचा पुरावा तयार होतो.

बार कौन्सिलची नोटीस आली तर तिला कोर्टाच्या समन्सइतकंच महत्त्व द्या. तक्रारीत तथ्य वाटलं तर कौन्सिल ती तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे देते. समितीला साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. एका वर्षात निकाल झाला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. ताकीद, निलंबन, सनद रद्द, यांपैकी काहीही होऊ शकतं. अपील ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, आणि तिथून पुन्हा ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात. तक्रारदाराशी समेट झाला म्हणून कामकाज आपोआप बंद होत नाही. उत्तर परिच्छेदवार द्या, प्रत्येक वाक्याला फाईलमधला कागद जोडा, आणि शक्यतो स्वतःचं काम स्वतः चालवू नका.

शेवटी विमा. व्यावसायिक दायित्वाची पॉलिसी आपल्याकडे सक्तीची नाही, पण मिळते. ती घेताना तीन गोष्टी वाचा. पॉलिसी दावा केव्हा आला त्यावर चालते, चूक केव्हा झाली त्यावर नाही. म्हणून मागच्या किती तारखेपर्यंतची चूक ती धरते ते बघा, आणि नूतनीकरणात एक दिवसही खंड पडू देऊ नका. वकिलाचा बचावाचा खर्च विम्याच्या रकमेतूनच जातो की वेगळा मिळतो ते विचारा. आणि दाव्याची चाहूल लागली, म्हणजे पक्षकाराची रागाची नोटीस किंवा साधं पत्र आलं, की ताबडतोब कंपनीला लेखी कळवायचं असतं. नोटिशीला आपणच उत्तर देऊन त्यात चूक कबूल केली आणि कंपनीला सहा महिन्यांनी सांगितलं, तर कंपनी जबाबदारी नाकारते. अप्रामाणिकपणा आणि दंड सहसा पॉलिसीत येत नाहीत.